सेल्फ-इन्सर्ट म्हणजे काय? गोष्टीत शिरलेल्या ‘मी’ची घाई आणि नीती

मागच्या महिन्यात इथंच इंदूरात, लोकमान्य नगरला ताईकडे गेले होते. चहाचं आधण ठेवता ठेवता तिनं आवाज खाली आणून विचारलं, "तू इतकं वाचतेस, मग सांग बरं, ही पोरगी रात्री एक-एक वाजेपर्यंत फोनवर काय लिहीत असते? विचारलं तर म्हणते, मी सध्या हस्तिनापुरात आहे." तिच्या आवाजात काळजी होती. भाची अकरावीत आहे, नंबर बरे येतात, संगत चांगली आहे. पण घरातल्या कुणाला न कळणारं काहीतरी तिच्या फोनमध्ये वाढत होतं, आणि जे कळत नाही त्याची भीती वाटतेच.

भाचीनं फोन माझ्या हातात दिला. एकोणीस प्रकरणं. इंदूरची एक मुलगी रात्री सराफ्यातून घरी निघते, पाऊस गाठतो म्हणून एका बंद दुकानाच्या ओट्यावर चढते, वीज कडाडते, आणि डोळे उघडते तेव्हा ती हस्तिनापूरच्या राजवाड्यातल्या मुदपाकखान्यात उभी असते. द्यूतसभेला तीन दिवस उरलेत. फोनची बॅटरी चौदा टक्के. पुढं काय होणार ते तिला पाठ आहे, कारण आजीनं लहानपणी सगळं सांगितलंय. मुलीला नाव नाही. सगळीकडे ‘मी’.

सुरुवात मला फार आवडली. पाचव्या प्रकरणापाशी मात्र अडखळले. गोष्ट पळत होती, आणि त्या पळापळीत ‘मी’ बाकीच्या माणसांशी बरी वागत नव्हती. परत येताना रिक्षात हेच डोक्यात घोळत राहिलं. इंदूरचा राजवाडा येईपर्यंत माझ्यापुरतं स्पष्ट झालं, की या दोन तक्रारी एकाच दुखण्याच्या आहेत. ते दुखणं ताईसारख्या आईवडिलांना आणि असं लिहिणाऱ्या मुलांनाही समजावून सांगावं, म्हणून हा लेख.

## आधी तीन शब्द

दुसऱ्यानं रचलेल्या गोष्टीतली माणसं, तिचं गाव, तिचे नियम घेऊन एखाद्या चाहत्यानं लिहिलेली नवी गोष्ट म्हणजे फॅन फिक्शन. इंदूरकराला हे सराफ्यावरून चटकन समजेल. दिवसा तिथं सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याची दुकानं लागतात, कढया चढतात, माणसांना चालायला जागा उरत नाही. जागा सराफाची, भट्टी दुसऱ्याची. सकाळी सराफ कुलूप काढतो तेव्हा त्याच्या तिजोरीतलं काहीच कमी झालेलं नसतं. चाहत्याची गोष्ट अशीच मूळ गोष्टीच्या ओट्यावर मांडलेली असते.

"मग ही चोरीच की," असं भावजी म्हणाले. हयात लेखकाची पात्रं उचलून कुणी पुस्तक विकायला काढलं तर प्रश्न येतोच. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरही ६० वर्षं त्याच्या साहित्यावर हक्क राहतो. महाभारतावर मात्र कुणाचीच मालकी नाही. त्याच्या ओट्यावर आपण सगळेच पिढ्यान् पिढ्या भट्टी लावत आलो आहोत.

दुसरा शब्द सेल्फ-इन्सर्ट. यात लिहिणारा स्वतःच पात्र होऊन गोष्टीत शिरतो. कधी उघड ‘मी’ म्हणून, कधी दुसऱ्या नावाआडून. कधी आहे तसाच तिथं जाऊन पडतो, कधी तिथं नव्यानं जन्म घेतो, तर कधी मूळ गोष्टीतल्याच एखाद्याच्या शरीरात जागा होतो. प्रकार कोणताही असो, त्याच्याकडे एक विलक्षण गोष्ट असते: पुढं काय घडणार याचं ज्ञान. सगळी गंमत तिथून सुरू होते आणि सगळा गोंधळही.

तिसरा शब्द मेरी स्यू. १९७३ साली अमेरिकेत पॉला स्मिथ या चाहतीनं ‘स्टार ट्रेक’ या अंतराळातल्या टीव्ही मालिकेच्या चाहत्यांच्या गोष्टींचं विडंबन करणारी एक छोटीशी गोष्ट हौशी अंकात छापली. तिची नायिका लेफ्टनंट मेरी स्यू, वय साडेपंधरा, अख्ख्या ताफ्यातली सगळ्यात लहान लेफ्टनंट. तिला सगळं येतं आणि सगळे तिच्यावर भाळतात. तेव्हापासून अशा निर्दोष नायिकेला हेच नाव पडलं. पुढं हा शब्द लिहिणाऱ्या मुलींना गप्प बसवायला फार वापरला गेला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलानं लिहिलेला नायक सगळं जिंकतो तेव्हा त्याला नुसतं नायक म्हणतात. म्हणून भाचीसमोर मी हा शब्द काढलाच नाही. शिवाय निदान म्हणूनही तो अपुरा आहे. ‘मी’ हुशार असण्यात, देखणी असण्यात काहीच बिघडत नाही. बिघडतं कुठं, ते पुढं बघू.

आणि हे लिखाण कुठंतरी कोपऱ्यात चालतं असंही समजू नका. २००९ मध्ये चाहत्यांनीच उभ्या केलेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या संग्रहाला २०१९ साली विज्ञानकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

## गोष्टीत शिरणं आपल्याला नवं नाही

महाभारत रचणारे व्यास महाभारतातच आहेत, आणि तेही नुसते कडेला उभे नाहीत. धृतराष्ट्र, पांडू आणि विदुर यांचे ते जन्मदाते आहेत. म्हणजे जे लढून मरणार आहेत ती त्यांचीच नातवंडं. युद्ध काय करणार ते त्यांना ठाऊक आहे. ते धृतराष्ट्राला दिव्यदृष्टी देऊ करतात, तो म्हणतो मला माझ्या माणसांचा संहार बघायचा नाही, आणि मग ती दृष्टी संजयाला मिळते. ज्याच्या हातात लेखणी आहे तो माणूस इथं विचारतो आणि समोरच्याचं ‘नको’ ऐकून घेतो. वाल्मीकींचंही तसंच. ते रामायणात सीतेला आश्रमात आसरा देतात, लवकुशांना गाणं शिकवतात. रावणाला मारायला काही जात नाहीत.

जनाबाईच्या अभंगांत तिचा ‘मी’ जात्यापाशी बसलेला आहे. विठ्ठल येऊन तिला दळू-कांडू लागतो. एवढी मोठी कल्पना, पण त्यात जनी पंढरपूरची राणी होत नाही, ती दळतच राहते. इटलीत कवी दांतेनं चौदाव्या शतकात स्वतःला नरकाच्या वाटेवर चालवलं, तेव्हा त्याचा ‘मी’ घाबरला, रडला, दोनदा शुद्ध हरपून पडला.

भाचीला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. आपण काहीतरी विचित्र करतोय असं तिला इतके दिवस वाटत होतं.

## लय म्हणजे पानांची वाटणी

इंग्रजीत ज्याला पेसिंग म्हणतात त्याला मी लय म्हणते. गोष्टीत दोन घड्याळं चालतात. एक पात्रांचं आणि दुसरं वाचणाऱ्याचं. ‘बारा वर्षं गेली’ या तीन शब्दांत पात्रांची बारा वर्षं जातात आणि वाचणाऱ्याचा एक श्वास. उलट, जिन्यात दोघांची नजरानजर झाली हे दोन पानं चालू शकतं.

महाभारत या बाबतीत थक्क करतं. अज्ञातवासाचं अख्खं वर्ष एका विराटपर्वात बसतं, आणि युद्धाच्या अठरा दिवसांना भीष्म, द्रोण, कर्ण, शल्य अशी चार पर्वं लागतात. युद्धाच्या तोंडावर दोन्ही सैन्यं शस्त्रं परजून उभी असताना गोष्ट थांबते आणि गीतेचे ७०० श्लोक होतात. का थांबते? कारण एका माणसानं ‘मी लढणार नाही’ म्हटलंय. त्याच्या ‘नाही’ला जागा द्यायची म्हणून एवढं मोठं युद्ध खोळंबून राहतं.

आपल्या इंदूरचे उस्ताद अमीर खाँ यांचं गाणं ज्यांनी ऐकलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ झुमरा ताल, १४ मात्रा, आणि एकेक मात्रा इतकी लांब की नवखा ऐकणारा सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हरवून बसतो. पण त्या लांबीत रिकामं काही नसतं. प्रत्येक स्वराला यायला, टेकायला, परत जायला जागा मिळते. नंतर द्रुतात, म्हणजे जलद लयीत, तराणा येतो तेव्हा तो धावतो, आणि ते धावणं आपल्याला हवं असतं. विलंबित चांगलं आणि द्रुत वाईट, असं कुणीच म्हणणार नाही. कुठं काय, हा प्रश्न आहे.

घरातलं उदाहरण हवं असेल तर भुट्ट्याचा कीस घ्या. ताईकडे त्याच दिवशी केला होता. कोवळे दाणे किसायचे, तुपात जिरं-हिंग-हिरवी मिरची टाकून मंद आचेवर परतायचे, मग थोडं थोडं दूध. दूध आटेपर्यंत हलवत राहायचं, दुसरा मार्ग नाही. भूक लागली म्हणून आच वाढवली की बुडाला लागतो आणि वर कच्चा राहतो. भाचीच्या पाचव्या प्रकरणाला हाच वास येत होता.

लय म्हणजे शेवटी पानांची वाटणी. ज्या क्षणाला पान मिळतं तो क्षण जगला जातो, आणि ज्या माणसाला पान मिळतं त्याला बोलता येतं. सेल्फ-इन्सर्टमध्ये ही वाटणी जो करतो तोच गोष्टीतला एक वाटेकरीही असतो. लयीचा प्रश्न इथं नीतीचा होतो.

## कर्णाला चार ओळींत सांगितलेलं गुपित

भाचीचं पाचवं प्रकरण, तिच्या परवानगीनं:

"मी कर्णाकडे गेले आणि म्हणाले, ‘तू सूतपुत्र नाहीस. तू कुंतीचा थोरला मुलगा आहेस.’ त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘आजवर मला कुणी समजून घेतलं नव्हतं,’ तो म्हणाला. त्या दिवसापासून आम्ही जिवलग मित्र झालो."

संपलं. पुढच्या ओळीत तो तिला रथ चालवायला शिकवतो.

मूळ गोष्टीत हे गुपित कर्णाला कळतं तेव्हा काय होतं? शिष्टाई फसल्यावर श्रीकृष्ण त्याला रथात बसवून बाजूला नेतो आणि सांगतो. राज्य, मोठेपण, भाऊ, सगळं देऊ करतो. कर्ण नाही म्हणतो. अधिरथ आणि राधेनं मला वाढवलंय, दुर्योधनानं मला जवळ केलंय, त्यांना मी सोडणार नाही. वर तो कृष्णाला विनवतो, की हे युधिष्ठिराला सांगू नकोस, कळलं तर तो राज्य मला देऊन टाकेल. नंतर कुंती गंगेकाठी येते. तो सूर्याचा जप करतोय. ती त्याच्या उत्तरीयाच्या सावलीत उभी राहते आणि जप संपेपर्यंत थांबते. आयुष्यभर न बोललेली आई, आणि तीही त्या घडीला घाई करत नाही.

आता भाचीच्या चार ओळी पुन्हा वाचा. कर्णाला अविश्वास दाखवायला वेळ नाही. ‘तू कोण? तुला कसं माहीत?’ विचारायला वेळ नाही. चिडायला, उठून निघून जायला, आठ दिवस तोंड न दाखवायला वेळ नाही. ‘नाही’ म्हणायला जेवढी जागा लागते तेवढी त्याला दिलेलीच नाही, म्हणून तो ‘हो’ म्हणतो. अशा ‘हो’ला काही किंमत नसते. वाचणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, तो नुसता म्हणतो की मैत्री खरी वाटली नाही.

दुसरी गोष्ट ज्ञानाची. समजा, लॅबवाल्यानं शेजारच्या काकूंचा तपासणीचा रिपोर्ट चुकून आपल्या घरी टाकला आणि आपण तो वाचला. आता जिन्यात काकू भेटल्या. त्यांच्याबद्दलचं जे त्यांनाही अजून कळलेलं नाही ते आपल्याला कळलंय. ते सांगायचं का, कुणी, कधी, कुठल्या शब्दांत? आणि सांगितल्यावर ‘बघा, तुमची काळजी मलाच’ असं म्हणून त्यांच्या घरात हक्कानं शिरायचं का? सेल्फ-इन्सर्टमधल्या ‘मी’च्या हातात असे शेकडो रिपोर्ट असतात. लोकांची बालपणं, अपमान, मनातल्या मनात केलेली प्रेमं, कुणी कुणाला कधीच न सांगितलेलं सगळं. त्यातलं नेमकं वापरून एखाद्याच्या काळजाला हात घालणं सोपं आहे. त्याला आपण खऱ्या आयुष्यात फसवणूक म्हणतो.

भाचीनं ते प्रकरण पुन्हा लिहिलं. आता ‘मी’ घोड्यांच्या पागेत पाणी वाहून नेते. कर्ण तिथं येतो. ती त्याच्याकडे टक लावून बघते, कारण तो कसा मरणार ते तिला ठाऊक आहे. तो विचारतो, "तू माझ्याकडे असं काय बघतेस? सगळे माझ्याकडे एक तर कुंडलांसाठी बघतात, नाही तर जातीसाठी. तुझं बघणं वेगळं आहे." ती खोटं बोलते: "तुमच्यासारखा माझा एक भाऊ होता." आणि रात्रभर तिला झोप येत नाही. गुपित अजून तिच्याकडेच आहे. मला हे प्रकरण वाचताना पोटात कालवलं.

## द्रौपदीचा प्रश्न कुठं गेला?

नवव्या प्रकरणात द्यूतसभा. ‘मी’ थेट आत शिरते, फासे उधळते, फोनचा टॉर्च दुर्योधनाच्या डोळ्यांवर मारते, आणि मग दोन पानं भाषण करते. सभा माना खाली घालते. द्रौपदी येऊन मिठी मारते, "तू नसतीस तर..."

मी विचारलं, "या प्रकरणात द्रौपदी किती बोलली?"

तिनं मोजलं. तीन शब्द.

मूळ गोष्टीत द्रौपदीला बोलवायला आधी प्रतिकामी जातो, एक साधा सेवक. ती त्याच्याबरोबर निमूट येत नाही. ती त्याला परत पाठवते, एक प्रश्न देऊन: आधी कुणाला हरलात, स्वतःला की मला? जो स्वतःलाच हरला त्याला मला पणाला लावायचा हक्क होता का? त्या प्रश्नानं सभा अडकून पडते. भीष्मांनाही उत्तर देता येत नाही, धर्म सूक्ष्म आहे एवढंच ते म्हणतात. विकर्ण उठून तिच्या बाजूनं बोलतो. इतक्या भीषण प्रसंगात सगळ्यांत ताठ उभा आहे तो तिचा प्रश्न.

भाचीच्या गोष्टीत तो प्रश्न विचारायची वेळच आली नाही. द्रौपदी वाचली आणि मुकी झाली. इथं लय उलट्या बाजूनं बिघडली होती: सगळे झटपट उरकले गेले आणि ‘मी’चं भाषण मात्र ऐसपैस पसरलं. दुसऱ्याच्या पराक्रमावर, दुसऱ्याच्या सर्वांत चांगल्या वाक्यावर ‘मी’नं आपलं नाव घालणं, ही अशा गोष्टींतली फार नेहमीची चूक आहे.

भाची चिडली. "मग काय, मी तिथं असताना तिला तसंच सोडून द्यायचं? मूळ गोष्टीत आहे म्हणून?"

तिचं चिडणं मला बरोबर वाटलं, आणि या सगळ्या प्रकारातला हा सर्वांत सच्चा प्रश्न आहे. नाही, सोडून द्यायचं नाही. माहीत असून गप्प बसणं हीसुद्धा करणीच आहे, आणि ‘मूळ गोष्ट बिघडेल’ हे कारण अन्याय बघत बसायला पुरत नाही. धावून जायचंच. पण जिच्यासाठी धावतो आहोत तिला विचारायचं, तिचं ऐकायचं, आणि तिची लढाई तिच्या हातातून काढून घ्यायची नाही.

नव्या प्रकरणात ‘मी’ प्रतिकामीला दाराशी गाठते. त्याचे हात थरथरताहेत. त्याला तोच प्रश्न सभेत जाऊन विचारायचाय आणि त्याला भीमाचीही भीती वाटतेय आणि दुर्योधनाचीही. ती त्याच्याकडून प्रश्न ऐकते आणि मुदपाकखान्यात धावत जाऊन बायकांना सांगते. पोळ्या लाटणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायका. त्या एकमेकींना विचारू लागतात, "आधी कुणाला हरला?" मग हात पुसत पुसत एकेक जण उठते आणि सभेच्या दाराशी येऊन उभी राहते. प्रकरण तिथं थांबतं.

## "पण ही माणसं खोटीच ना? त्यांच्याशी नीती कसली?"

हा आक्षेप बहुतेक मोठी माणसं घेतात. त्यांना मी विचारते, तुम्ही कधी नारदीय कीर्तनाला बसला आहात का? वस्त्रहरणाचं आख्यान पन्नासदा ऐकलेल्या आजीबाई एक्कावन्नाव्या वेळी पदरानं डोळे पुसतात. ती माणसं कागदावरची असतील, डोळ्यांतलं पाणी कागदावरचं नसतं.

आणि गोष्टीच्या आतल्या ‘मी’ला तर ही पळवाट मुळीच नाही. ती त्यांच्या पंगतीत जेवते, त्यांच्या थंडीनं कुडकुडते, तिला तिथं ठेच लागली तर रक्त येतं. अशा जगात वावरून ती आजूबाजूच्यांना बाहुल्यांसारखी वागवत असेल, तर वाचणाऱ्याला ती तशीच दिसते: निष्ठुर. लिहिणाऱ्याला वाटत असतं की आपण तिला प्रेमळ रंगवलंय.

शेवट ठाऊक असलेली गोष्ट कुणी का वाचेल, हाही प्रश्न येतो. संजय रणांगणावरून येतो आणि धृतराष्ट्राला आधी सांगून टाकतो, भीष्म पडले. मग मागं जाऊन दहा दिवसांची हकिकत सांगतो. आंधळा राजा तरी ऐकतच राहतो.

## "मग ‘मी’नं चुकायचंच नाही का?"

चुकू दे. खोटं बोलू दे, चोरी करू दे, भीतीनं पळून जाऊ दे. निर्मळ ‘मी’ कुणालाच वाचायचा नसतो. पात्रानं वाईट वागणं आणि गोष्टीनं त्या वागण्याला शाबासकी देणं यात मात्र फरक आहे.

युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालत असे. अश्वत्थाम्याबद्दल तो अर्धसत्य बोलला आणि रथाची चाकं जमिनीला टेकली. गोष्ट त्याला शिव्या देत नाही, भाषणही करत नाही. चार बोटं, बस्स. पण हिशेब मांडला जातो. तुमच्या ‘मी’च्या चुकीनंतर गोष्टीत काहीच खाली आलं नाही, कुणाचा चेहरा बदलला नाही, कुणी दोन दिवस अबोला धरला नाही, तर तो हिशेब राहून गेलाय असं समजा.

## वाचवलेल्या अभिमन्यूचं पुढं काय?

भाचीला अभिमन्यूला वाचवायचंय. सगळ्यांनाच वाचवायचं असतं. तेराव्या दिवशी जयद्रथानं वाट अडवली नाही, पांडव आत शिरले, पोरगा जिवंत परतला. छान. पण मग चौदाव्या दिवशी जयद्रथाला मारण्याची अर्जुनाची प्रतिज्ञाच नाही. जयद्रथ जिवंत आहे आणि उद्या तो कुणाला तरी मारणार आहे, ज्याला मूळ गोष्टीत तो मारू शकला नसता. त्या माणसाच्या आईला ‘मी’ काय सांगणार?

इथून पुढं आजीनं सांगितलेलं काही कामाचं नाही. ज्ञान शिळं झालं. माझ्या मते अशा गोष्टीतला हा सर्वांत उत्तम क्षण असतो, कारण ‘मी’ पहिल्यांदाच बाकीच्यांच्या बरोबरीला येते. दुर्दैवानं पुष्कळ जण इथंच घाबरतात आणि गोष्ट ओढूनताणून मूळ रुळांवर आणतात. मग ती प्रत्येक ठेसनावर थांबणाऱ्या पॅसेंजरसारखी चालते: हा प्रसंग आला, तो आला, फक्त खिडकीत एक डोकं जास्त. एकदा बदल केला की त्याच्या परिणामांना पानं द्यावी लागतात. ते टाळणं ही आळशी लय आहे आणि बेजबाबदार वागणंही.

## "संथ लिहिलं तर वाचतं कोण?"

"मावशी, बोअर होऊन राहतात वाचणारे," भाची म्हणाली. "दर रविवारी प्रकरण टाकावं लागतं. त्यात काही घडलं नाही तर लोक सोडून देतात."

तिची अडचण खरी आहे, आणि मी सगळंच संथ करायला सांगत नाहीये. उलट तिची पहिली तीन प्रकरणं मी कापायला लावली. हे स्वप्न की खरं, माझे कपडे कुठं गेले, आई काळजी करत असेल, असं सगळं तीन प्रकरणं. तिथं एक पान पुरे. प्रवास, शिकणं, कपडे, जेवण, फोनची बॅटरी वाचवायच्या युक्त्या, यांतून वेगानं जावं.

थांबायचं कुठं, तर जिथं दुसऱ्या कुणाला काही ठरवायचं आहे तिथं. विश्वास ठेवायचा का, माफ करायचं का, प्रेम करायचं का, सोबत यायचं का. या चार जागी ‘मी’नं हात मागं घ्यावा आणि समोरच्याला पान द्यावं. आणि तिथं ‘काही घडत नाही’ हे मला मान्यच नाही. पागेतल्या त्या प्रसंगात कुणी तलवार उपसत नाही, पण मी पुढचं प्रकरण मागून घेतलं.

## खऱ्या माणसांबद्दल

हे थोडक्यात, पण ठाम सांगते. भाचीच्या गोष्टीत एक फितूर दासी होती. तिचं नाव, तिचं अडखळत बोलणं, सगळं वर्गातल्या एका मुलीचं होतं. त्या मुलीनं ते वाचलं असतं तर? दुर्योधनाला काही लागत नाही, तिला लागलं असतं. भाचीनं माझं म्हणणं ऐकून घेतलं, नाव आणि बोलणं दोन्ही त्याच रात्री बदललं. मित्रमैत्रिणी, शिक्षक, नातलग यांना ओळखू येईल असं गोष्टीत घालायचं तर आधी विचारावं. खेळाडू आणि नटनट्या यांच्या खासगी आयुष्याबद्दल मनानं रचून लिहिणाऱ्यांनाही माझं तेच सांगणं आहे: त्या माणसांना आई आहे, घर आहे. आणि स्वतःचं खरं नाव, शाळा, पत्ता गोष्टीतल्या ‘मी’ला कधीच देऊ नये.

## ताई, तू काय करायचंस

फोन काढून घेऊ नकोस. वेळेवर झोपायला सांग, ते रास्तच आहे. आणि तिला वाचून दाखवायला सांग.

परवा ताईचा फोन आला. रात्री जेवणं झाल्यावर भाचीनं मुदपाकखान्याचं प्रकरण मोठ्यानं वाचलं. बायका हात पुसत दाराशी येऊन उभ्या राहतात तिथपर्यंत. भावजी टीव्ही बंद करून ऐकत होते. वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी विचारलं, "तो प्रतिकामी कुठं गेला? परत सभेत गेला का तो?"

भाचीला हे सुचलं नव्हतं. वही घेऊन बसलीय, ताई म्हणाली.